तिसरं तिकीट

स्टुटगार्ट,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. अहिल्याताईंना,
वसुधाचा वाकून नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुमच्या शेजारच्या स्वरूपाने फोटो काढून पाठवला होता, तो मोठा करून करून वाचला. गुडघ्याला मालिशवाली बाई मिळाली हे बरं झालं. सांगलीत एव्हाना पंखे लागले असतील. इथे अजून सकाळी गाड्यांच्या काचा बर्फाने पांढऱ्या होतात आणि खालचे आजोबा उलथन्यासारखं काहीतरी घेऊन त्या खरवडत बसतात. आम्ही सगळे मजेत.

माझं अक्षर बघून तुम्हाला नवल वाटलं असेल. तुमच्या पत्राला प्रताप दर रविवारी फोनवरच उत्तर देतो, आणि मी स्वयंपाकघरातून "ताईंना माझा नमस्कार सांग रे" म्हणून ओरडते, एवढंच आपलं बोलणं. पण सध्या त्याच्या कामाचं विचारू नका. कंपनीत नवीन काहीतरी सुरू झालंय, त्यात तो अडकलाय. शिवाय घसाही बसलाय. म्हटलं, नाटकाचं सगळं आपणच कळवावं.

तर तुमचं 'ब्रॉडवे'. तिकिटं प्रतापने डिसेंबरातच काढून ठेवलीत. शनिवार, १७ मे, दुपारचा खेळ. तुम्ही सहा तारखेला पोचताय, म्हणजे दहा दिवस विश्रांतीला मिळतील. न्यूयॉर्कला जे इतकी वर्षं हाऊसफुल्ल चाललंय तेच हे, फक्त इथे जर्मनमध्ये करतात. तुम्ही म्हणाल, मला जर्मन कुठे येतं? पण प्रतापने तुम्हाला फोनवर पाठवलेली गाणी तुम्ही इतक्या वेळा ऐकलीत, की भाषा बदलली तरी चाली त्याच. शिवाय गोष्ट तुम्हाला पाठच आहे. बंदरावरची शिंपीण, जहाजांची शिडं शिवणारी, आणि एक दिवस ती स्वतःसाठीच शीड शिवायला घेते, ते. त्यात मंचावर खरोखरचं मोठं शीड उभं राहतं म्हणे. शाळेच्या नाटकात तुम्ही मुलींकडून जुन्या साड्यांचा समुद्र करून घेतला होतात, त्याची आठवण प्रताप नेहमी काढतो. म्हणतो, "ताईच्या समुद्रापुढे हे काहीच नाही, पण तिने एकदा बघायला हवं."

थिएटर गावाबाहेर टेकडीवर आहे. इथल्या ट्रॅमने जाता येतं, पण मी टॅक्सी करायचं ठरवतेय. तुमच्या गुडघ्यामुळे. जागासुद्धा बदलून घ्यायच्या आहेत. आत्ताच्या जागा रांगेच्या अगदी मधोमध आहेत, तिथवर लोकांचे पाय ओलांडत जावं लागतं. कडेच्या खुर्च्या मिळाल्या तर उठायला-बसायला सोपं. जिन्याला कठडा दोन्ही बाजूंनी आहे का, मध्यंतरात टेकायला बाक आहेत का, हेही विचारून ठेवणार आहे. सगळं तुमच्या गुडघ्यासाठी हो. एवढी तयारी कशाला, असं म्हणू नका.

नेसायला तुमची ती निळी इरकल आणा. वर स्वेटर लागेल, तो माझा देईन.

तुमची भाची कौमुदी हल्ली ब्राउनश्वाइगहून दर शुक्रवारी घरी येते. चार-पाच तासांचा प्रवास आहे, पण येते. अभ्यास कमी असेल. तुम्हाला न्यायला ती विमानतळावर येणार म्हणते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येईल, तेवढं चालवून घ्या.

प्रतापच्या फोनची वाट बघत बसू नका. मेसेज करतोच की तो तुम्हाला.

कळावे,
आपली,
सौ. वसुधा


स्टुटगार्ट,
२३ मार्च २०२५

ती. ताईंना,
नमस्कार.

तुमचं दोनच ओळींचं पत्र आलं. "प्रताप मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागला? तो कुठे आहे?"

तुम्ही एका शब्दावरून पकडलंत. त्याच्या फोनवरून ते मेसेज मी करत होते. 'ताई, तुम्ही औषध घेतलं का' असं लिहून गेले आणि माझ्या ध्यानातही आलं नाही, कारण मी तुम्हाला दुसरं काही म्हणतच नाही. कौमुदीने मला बजावलं होतं. "ममा, आत्या काय मूर्ख आहे का? आणि मी तिच्याशी खोटं बोलणार नाही," असं ती जर्मनमधून आणि बरंच मोठ्याने म्हणाली होती. 

ताई, आधी एक वाचा. प्रताप घरी आहे. तो जिवंत आहे, चालतो आहे, आत्ता माझ्यासमोर खुर्चीत बसला आहे. आता पुढचं वाचा.

जानेवारीत, संक्रांत होऊन गेल्यावर, एका सकाळी तो दाढी करता करता स्वयंपाकघरात आला. गालाला अर्धा फेस तसाच. काहीतरी बोलला, पण शब्द सगळे एकमेकांत मिसळलेले. मला वाटलं थट्टा करतोय. मी हसले, ताई. मग त्याच्या हातातून टॉवेल गळला आणि तो वाकून उचलायला गेला तेव्हा त्याचा उजवा हात त्याचं ऐकेना. अँब्युलन्स लगेच आली. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. पक्षाघात.

हॉस्पिटल झालं, मग रेहा, म्हणजे अशा माणसांना पुन्हा उभं करायचं इस्पितळ, ते झालं. मागचं पत्र मी लिहिलं तेव्हा तो तिथे होता आणि मी घरात एकटी 'आम्ही सगळे मजेत' लिहीत होते. या महिन्याच्या सुरुवातीला तो घरी आला. काठी घेऊन चालतो. उजव्या हाताची बोटं थोडी हलतात. डोकं पूर्वीसारखंच लखलखीत आहे, सगळं कळतं, माझ्या हिशोबातल्या चुकासुद्धा बोटाने दाखवतो.

पण बोलणं गेलं.

मराठी गेली, इंग्रजी गेली. राहिले दोन जर्मन शब्द. 'या' म्हणजे हो. आणि 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर'. इथली माणसं बोलताना आपल्या 'हं हं'सारखं ते सारखं म्हणत असतात, तेवढं जिभेवर चिकटून राहिलं. पाणी हवं का? गेनाऊ. नको का? गेनाऊ. रेहात एकदा मी भेटायला गेले तेव्हा तो खिडकीशी रडत होता, आणि मी काय झालं विचारलं तर तेच म्हणत राहिला. गेनाऊ, गेनाऊ, गेनाऊ.

तुम्हाला का कळवलं नाही? मी पहिल्या आठवड्यातच फोन हातात घेतला होता. त्याने डाव्या हाताने तो माझ्याकडून काढून गादीवर पालथा घातला आणि मान हलवत राहिला. मी म्हटलं, "अरे, सगळ्या जगाला नको, पण ताईंना?" तेव्हा तर आणखीच. मला उमगेना. मग त्याने मांडीवर हाताने ठेका धरला. एक-दोन, एक-दोन, सावकाश.

मग कळलं. लग्नानंतर त्याने मला एकदाच सांगितलं होतं. लहानपणी तो अडखळत बोलायचा. शाळेत स्वतःचं नावसुद्धा त्याला सांगता येत नसे आणि मुलं 'प्र-प्र-प्र' करून मागे लागत. आई गेल्यावर तुम्ही त्याला रोज मागच्या पायरीवर बसवायचात, त्याच्या मांडीवर ठेका धरायचात आणि एकेक वाक्य तालात म्हणवून घ्यायचात. पुढे वक्तृत्वाच्या स्पर्धेत त्याचा नंबर आला तेव्हा तुम्ही सगळ्या शाळेला पेढे वाटलेत. ताई, त्याचं बोलणं तुम्ही दिलेलं आहे. ते हरवून तुमच्यासमोर जायची त्याला लाज वाटत होती. चाळिशी उलटलेला, दहा माणसांचा साहेब असलेला माणूस, आणि पायरीवरच्या पोरासारखा घाबरला होता.

तुमचा गुडघा हे निमित्त होतं, हे आता सांगायला नकोच. कडेच्या खुर्च्या त्याच्यासाठी हव्या होत्या. त्याची उजवी बाजू मोकळी राहायला हवी.

त्या बदलायला गुरुवारी आम्ही दोघं थिएटरवर गेलो. फोनवर काम झालं असतं, पण त्याने कोट चढवला आणि दारात जाऊन उभा राहिला. मलाही वाटलं, टेकडी चढवते का, गर्दीत कसं वाटतं, एकदा बघून घ्यावं. त्या वेळी खेळ नव्हता. मोठं रिकामं दालन, गालिचे, भिंतभर त्या शिंपिणीचं पोस्टर. तिकिटाच्या खिडकीशी गळ्यात साखळीचा चष्मा घातलेल्या बाई होत्या. सगळं माझ्याशीच बोलत होत्या, प्रतापकडे बघतही नव्हत्या. हे आता नेहमीचंच आहे. काठी दिसली आणि माणूस बोलला नाही, की लोक त्याच्या डोक्यावरून बोलतात.

दोन खुर्च्या कडेला मिळाल्या. मग बाईंनी विचारलं, "आणि हे तिसरं तिकीट कुणाचं?" मी पर्समध्ये जुनी तिकिटं शोधत होते. मान वर करायच्या आत मागून आवाज आला.

"ताई."

स्वच्छ, पूर्ण, त्याच्या स्वतःच्या आवाजात. मी वळले. तोच माझ्यापेक्षा जास्त दचकला होता. बाईंना काय कळणार? त्यांनी चष्मा सावरून "काय म्हणालात?" असं विचारलं, आणि या वेळी मात्र त्याच्याकडे बघून विचारलं. मी सांगितलं, "यांची बहीण. मोठी बहीण. भारतातून येणार आहे."

"मग तीही तुमच्या शेजारी हवी," बाई त्याला म्हणाल्या.

"गेनाऊ," प्रताप म्हणाला. ताई, दोन महिन्यांत तो शब्द पहिल्यांदा नेमक्या जागी पडला. आम्ही दोघं हसायला लागलो, आणि त्या बाईही उगाच हसल्या.

घरी आल्यावर मात्र मी घाई केली. म्हटलं, "अरे, पुन्हा म्हण ना, ताई." त्याने प्रयत्न केला. ओठ जुळत होते, कपाळावर घाम, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. काही केल्या येईना. शेवटी त्याने समोरचं ताट ढकलून दिलं आणि आत जाऊन पडला. त्याला बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा येतात. त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, असंच होतं. शब्द बोलावला की आत पळतो. कुणी वाट बघत नसलं की आपला आपण बाहेर येतो.

आज सकाळी मी त्याला विचारलं, "ताईंना खरं लिहू?" टेबलावरचं पेन त्याने माझ्याकडे सरकवलं. प्रत्येक परिच्छेद मी त्याला वाचून दाखवतेय. पायरीवरच्या पोरासारखा, हे त्याला आवडलेलं नाही, पण खोडूही देत नाही.

तेव्हा या. ठरल्याप्रमाणे या. फक्त एक मागते, आणि तुमच्यासारख्या शिक्षिकेला हे सांगताना मला जड जातंय. त्याला 'ताई म्हण' असं म्हणू नका. ठेका धरू नका, निदान पहिले काही दिवस. तो तुमचा विद्यार्थी होऊन पुन्हा नापास व्हायला घाबरतोय. त्याला नुसता भाऊ राहू द्या.

तुम्ही रागावला असाल. तो हक्क आहे तुमचा.

आपली,
वसुधा


स्टुटगार्ट,
२७ एप्रिल २०२५

ती. ताईंना,
नमस्कार.

तुमचं प्रतापला आलेलं पत्र मी त्याला तीनदा वाचून दाखवलं. अख्ख्या पत्रात तुम्ही त्याला एकही प्रश्न विचारला नाहीत, हे माझ्या दुसऱ्या वाचनात लक्षात आलं, त्याच्या बहुधा पहिल्याच. गच्चीची गळती, मालिशवालीच्या जावयाची भानगड, आणि तुमच्या जुन्या विद्यार्थिनींच्या मेळाव्यातल्या नाटकात राजाची मिशी प्रधानाच्या उपरण्याला चिकटली ते. मिशीपाशी तो मोठ्याने हसला. जानेवारीनंतर घरात असं हसू ऐकलं नव्हतं. कौमुदी आतून धावत आली, काय पडलं म्हणून.

मला मात्र तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीत. "तिकिटं परत कर. मी नाटक बघायला येत नाही, भावाला बघायला येते."

ती मी त्याला वाचून दाखवली आणि चुकलं. तो उठला, फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली तिन्ही तिकिटं काढली, कपाटातून काळा कोट काढून पलंगावर टाकला आणि ती त्याच्या आतल्या खिशात ठेवली. मग कोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत बसला. त्याला काय म्हणायचं होतं ते मी माझ्या शब्दांत सांगते. तुम्ही त्याला बघायला आलात, तर तो आजारी माणूस होईल. त्याने काढलेलं नाटक बघायला आलात, तर बहिणीला ब्रॉडवे दाखवणारा भाऊ राहील. ताई, हे त्याला करू द्या.

डॉक्टरांची परवानगी आहे. टॅक्सी सांगितली आहे. दमला तर मध्यंतरात उठून येऊ, उरलेली गोष्ट तुम्हाला पाठ आहेच, ती तुम्ही आम्हाला घरी सांगा. कौमुदी तुमच्यासाठी एकेका प्रवेशाचं मराठीत लिहून काढतेय, म्हणजे अंधार व्हायच्या आधी तुम्हाला वाचता येईल. ऱ्हस्व-दीर्घाचा तिने खून पाडलाय, आणि शिंपिणीला ती 'दर्जी बाई' म्हणते. लाल पेन काढू नका.

आणखी एक. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, लहानपणी पाठ झालेली गाणी मेंदूत वेगळ्या ठिकाणी असतात, बोलणं गेलं तरी ती कधी कधी शाबूत राहतात. त्यांना मराठी येत नाही. मला सूर नाही, हे तुम्ही साखरपुड्यालाच सगळ्यांसमोर सांगितलं होतंत. तेव्हा तुम्ही आपली कामं करता करता गुणगुणत जा. त्याला 'म्हण' म्हणू नका, नुसतं घरात गाणं असू द्या. बघू काय होतं. होईलच असं बाईही म्हणत नाहीत.

इथवरचं त्याला वाचून दाखवलंय. आता तो दुपारचा झोपला आहे, कौमुदी गाडीला गेली. यापुढचं त्याला दाखवणार नाही.

ताई, तुमचं माझं कधी फारसं जमलं नाही. भांडण असं कधीच नाही. पण मी तुमच्या भावाला नावाने हाक मारली ते तुम्हाला पहिल्या दिवशी खटकलं, आणि मी त्याला एवढ्या लांब आणलं असं तुम्हाला वाटत राहिलं, जरी नोकरी त्याचीच होती. वीस वर्षं आपण 'नमस्कार सांग' एवढ्यावर भागवलं. मलाही ते सोयीचं होतं.

आता मी दिवसभर बोलते. कंपनीशी, विमावाल्यांशी, डॉक्टरांशी, त्याच्या मित्रांशी, सगळ्यांशी त्याच्या वतीने. प्रतापला असं वाटतं, प्रतापला ते नको आहे. माझ्या ऑफिसातही दारात पाऊल टाकलं की विचारतात, "नवरा कसा आहे?" माझी आई फोनवर रोज विचारते, "जावई कसे आहेत?" चांगली माणसं आहेत सगळी. मी उत्तर देते, आभार मानते. परवा किराणा घेऊन गाडीत बसले आणि चावी लावायचंच सुचेना. तशीच बसून राहिले. भूक होती की नव्हती तेही कळत नव्हतं. दही पार कोमट झालं तेव्हा घरी आले आणि त्याला म्हटलं, रांग होती.

तो बोलत होता तेव्हा रात्री जेवताना मला सगळं विचारायचा. आज बॉसने काय छळलं, ती शेजारीण काय म्हणाली. आता तो बघतो माझ्याकडे, खूप बघतो. त्यालाही विचारायचं असतं हे मला दिसतं. म्हणून मी तोंड हसरं ठेवते, म्हणजे त्याला न विचारता आल्याचं दुःख नको.

प्रतापसाठी या, असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ते खरंच आहे. पण सहा तारखेसाठी मी दिवस मोजतेय ते काही सगळे त्याच्यासाठी नाहीत. घरात कुणीतरी वडीलधारं असावं, एखाद्या दिवशी भांडी तशीच ठेवून मी झोपले तर कुणीतरी अंगावर पांघरूण घालावं, एवढ्या साध्या गोष्टीची मला हाव सुटली आहे. आणि ते माणूस तुम्हीच असावं असं वाटलं, याचं मलाही नवल वाटतं. तुम्ही एका मुलाला पायरीवर बसवून वर्षानुवर्षं धीर धरला होतात. मला तेवढी वर्षं नकोत. थोडे दिवस पुरतील.

विमानतळावर आधी प्रतापला भेटा. तो पुढे उभा असेल, काठी मागे लपवायचा प्रयत्न करत. बॅगा कौमुदी घेईल. मी जरा मागे असेन. मला काही विचारू नका हं ताई, तिथेच सगळ्यांसमोर रडू फुटेल.

नाही. विचारा. वसुधा, तू जेवलीस का, एवढंच विचारा.

तुमची,
वसुधा